कॉफीच्या रंगाची बुरशी

सरांनी मला फसवलं. माझ्या बुरशीतून निघालेला सगळ्यात चांगला वाण त्यांनी स्वतःजवळ ठेवला, मला सांगितलं की तो मेला, आणि मग एका मोठ्या कंपनीला देऊन टाकला. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे मी आणखी बऱ्याच जणांवर संशय घेतलेला दिसेल आणि वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायला नको.

सर म्हणजे नागपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. मी त्यांचा विद्यार्थी नाही. मी कोणाचाच विद्यार्थी नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगापाशी बसून माल निवडत मी मोठा झालो. पुढे दलाली केली. मग ज्यूसवाल्यांनी फेकून दिलेल्या साली वाळवून विकल्या, आणि त्या सालींच्या मागे मागे जात कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो. तिथे मी एन्झाइम करतो. संत्र्याच्या गरात एक चिकट पदार्थ असतो, पेक्टिन. त्यानं रस गढूळ राहतो आणि चोथ्यात अडकून बसतो. बुरशीच्या अंगातून निघणारं एन्झाइम तो चिकटपणा तोडतं. रस मोकळा होतो, स्वच्छ होतो. माझी पावडर ज्यूसवाले घेतात ती एवढ्यासाठी.

कृती ऐकायला सोपी आहे. गव्हाचा कोंडा वाफवायचा, त्यात वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा भरडा मिसळायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि वर बुरशीचं बी शिंपडायचं. बी म्हणजे तिची काळी भुकटी. ती रुजते, कोंडा पांढरा होतो, मग काळा. काळा होण्याच्या थोडं आधी एन्झाइम काढून घ्यायचं. बायको म्हणते, "लोकं घरातली बुरशी पुसून काढतेत, तुम्ही तिले कोंडा चारता." चारतो. तिनंच आमचं घर चालवलंय.

ती बुरशी मी स्वतः आणली होती. बाजारात एका शेवटच्या ढिगाच्या तळाशी संत्री सडून पाणी झाली होती, आणि वरच्या संत्र्यांवर काळा थर होता. शेजारच्या ढिगावरही बुरशी होती, पण तिथली संत्री नुसती सुकून बसली होती. मला वाटलं, हिच्यात काहीतरी आहे. गरच विरघळवून टाकते ही. ते संत्रं मी पिशवीत घालून आणलं. सर नंतर एका भाषणात म्हणाले की हा वाण "स्थानिक बाजारातून संकलित" केला. कोणी संकलित केला, ते म्हणाले नाहीत. मी मागच्या रांगेत बसलो होतो. तेव्हाच मला उठून जायला हवं होतं.

जंगली बुरशी देते तेवढं देते. तिच्याकडून जास्त काढायचं तर तिला बदलावं लागतं, आणि ते माझ्या शेडमध्ये होणारं काम नव्हतं. म्हणून मी सरांकडे गेलो. त्यांच्या प्रयोगशाळेत एक लाकडी खोका होता, आत जांभळट उजेडाचा दिवा. बुरशीचं बी पाण्यात कालवून त्या दिव्याखाली धरायचं. बहुतेक बी मरतं. जे वाचतं, त्यातलं एखादं आतून बदललेलं असतं. बदल चांगला की वाईट, हे दिवा सांगत नाही. ते आपण निवडून काढायचं.

"म्हणजे नुसता जुगार," मी म्हणालो.

"जुगारच," सर हसले. "पण भाऊ, पत्ते पाहायला मिळतात."

आमचं काय ठरलं, ते इथे सांगतो, कारण सर आता म्हणतात की काहीच ठरलं नव्हतं. आमच्या बाजारात पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. समोरच्यानं तीच बोटं परत दाबली की सौदा पक्का. ती पद्धत आता बंद झाली, बोली उघड लागते. पण जुन्या माणसांच्या हातात ती अजून आहे, आणि तशा सौद्यातून कोणी फिरल्याचं मी ऐकलेलं नाही. जो फिरला असेल, तो बाजारात परत दिसला नसेल.

त्या दिवशी सरांच्या टेबलाशी बसून मी गळ्यातला दुपट्टा काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि आत त्यांचं एक बोट धरलं.

"हे काय?"

"सर, जेवढे वाण निघतील त्यातला एक माझा. सगळ्यात चांगला. बाकीचे सगळे तुमचे, तुम्ही त्यावर काय लिहायचं ते लिहा. एक माझा, दुसऱ्या कोणाचाच नाही. मंजूर असेल तर हे बोट दाबा."

सरांनी बोट दाबलं. हसत दाबलं, पण दाबलं. त्यांची संशोधन करणारी विद्यार्थिनी बाजूला उभी होती. भिवापूरकडची, शेतकऱ्याची पोरगी. ती म्हणाली, "सर, आता तुम्ही फसले."

पुढचे महिने मी वेळ मिळेल तसा प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. मला तिथे बसायची गरज नव्हती, हे सर दोनदा सूचकपणे म्हणाले. पण मी माल डोळ्यांसमोर ठेवतो, ती माझी सवय आहे. दिव्यातून वाचलेलं बी ती पोरगी ताटल्यांमध्ये पसरायची. काचेच्या चपट्या ताटल्या, त्यात पेक्टिन मिसळलेला जेलीसारखा थर. त्यावर बुरशीचे ठिपके उगवायचे. मग एक रसायन ओतलं की थर रंगायचा, आणि ज्या ठिपक्यानं पेक्टिन खाल्लं असेल त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसायचं. वर्तुळ मोठं तर एन्झाइम जास्त. ओतलेल्या ताटलीतली बुरशी वाया जाते, म्हणून प्रत्येकीची जोडताटली ती आधीच वेगळी ठेवायची.

त्या दिवशी सर एका मोठ्या ठिपक्यावर खूश होते. काळाभोर, भरगच्च, भोवती मोठं वर्तुळ. पोरगीनं मला हळूच बोलावलं. "काका, हा पाहा."

ठिपका टिचभर होता. रंग काळा नव्हता, दुधाच्या कॉफीसारखा. पण भोवतीचं वर्तुळ त्या मोठ्याच्या जवळपास होतं.

"एवढ्याशा जिवानं एवढं खाल्लं?" मी म्हणालो.

"तेच तर. स्वतः कमी वाढते, पण बाहेर लय सोडते. मोठ्याचं वर्तुळ मोठं आहे ते तो मोठा आहे म्हणून."

मी सरांना म्हणालो, हाच घ्या. ढिगात मोठं संत्रं पाहून उचलणारा गिऱ्हाईक मी आयुष्यभर पाहिला आहे, घरी जाऊन सोलतो आणि आत चोथा. सर म्हणाले, "रंग बदललेले वाण बहुतेक अशक्त असतात. पण ठेवू, दोन्ही ठेवू." आता ते म्हणतात की तो ठिपका मुळात त्यांनीच हेरला होता.

कॉफीच्या रंगाची ती बुरशी मी माझ्या शेडमध्ये कोंड्यावर चढवली. सर आणि ती पोरगी दोघं आले होते. ती उशिरा रुजली. ट्रे पांढरा व्हायला वेळ लावला. सर घड्याळ पाहायला लागले आणि मी चिडायला लागलो. पण एकदा रुजल्यावर कोंडा असा ढिला पडला की हातात घेतला तर ओला भुसा वाटावा. त्या कोंड्याचं पाणी आम्ही संत्र्याच्या गरात टाकलं. आमच्या डोळ्यांसमोर गर खाली बसला आणि वरचा रस कोऱ्या चहासारखा नितळ झाला. मोठ्या काळ्या वाणाचं पाणी तेवढ्याच कामाला कितीतरी जास्त लागलं होतं.

पोरगी टाळ्या वाजवायला लागली. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते त्या रसाकडे बघत राहिले, भाव मनात ठेवणारा व्यापारी मालाकडे बघतो तसे. ती नजर मी ओळखायला हवी होती. माझ्या स्वतःच्या धंद्यातली होती ती.

"अजून पक्की नाही," ते म्हणाले. "पिढ्यान्पिढ्या वाढवून बघावं लागेल. काही वाण चार दिवस उड्या मारतात आणि मग मूळपदावर येतात. तोवर माझ्याकडे राहू द्या." हे बोलणं खरं होतं. म्हणूनच मी सगळं बी त्यांच्याकडे दिलं, शेडमध्ये चिमूटभरही ठेवलं नाही. खोटं बोलणारा माणूस आधी थोडं खरं बोलून घेतो.

उन्हाळा गेला. जूनमध्ये मी विचारायला गेलो तेव्हा सरांनी खुर्ची पुढे केली, आणि मला तिथेच शंका आली. सर कधी खुर्ची पुढे करत नसत.

"भाऊ, वाईट बातमी आहे. मे महिन्यात लाईट गेली, फ्रिज रात्रभर बंद राहिला. तुमची ती ब्राऊन गेली."

"कुठे गेली?"

"मेली. नाजूक होती. परत उगवून बघितली, नाही आली." मग त्यांनी एक नळी पुढे केली. "हा काळा मोठा घ्या. भरवशाचा आहे."

मी नळी घेतली. घरी येऊन बायकोला सांगितलं.

ती भाजी निवडत होती. "फ्रिज बंद पडला म्हणून बुरशी मेली?"

"हो."

"आपला फ्रिज बंद पडला का मंग डब्यातली बुरशी मरते का वाढते?"

मी खिशातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"नाही, मी आपलं विचारून राहिली. मले काय समजते! तुम्ही कारखानावाले, ते प्रोफेसर."

त्या रात्री झोप आली नाही. ही बुरशी कुठली? कळमन्यातल्या ढिगाच्या तळाची, भर उन्हातली. माझ्या शेडमध्ये मे महिन्यात पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही, आणि तिथे फळीवर बीची बरणी वर्षानुवर्षं पडून असते. दिव्याखाली बहुतेक सगळं बी मेलं आणि ही वाचली. आणि एक रात्र लाईट गेली तेवढ्यानं मेली? बदललेला वाण नाजूक असू शकतो, हे मला मान्य आहे. पण एवढा?

मग मी सगळ्यांवर संशय घ्यायला लागलो. शेडमधल्या माणसांवर घेतला, तो चूक होता, पण त्यांनी दोन महिने माझ्या शिव्या खाल्ल्या. त्या पोरगीवर घेतला, कारण तिला त्याच सुमारास दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. आमच्या घरी मिरचीचं तिखट देऊन गेली होती ती, बायकोच्या पाया पडून. मी ते तिखट बरेच दिवस खाल्लं नाही.

मग माझा सगळ्यात जुना ज्यूसवाला तुटला. फोन केला तर म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. तुमच्या पावडरीपेक्षा त्यांची अर्धीच लागते. आणि रस असा नितळ का पेपर वाचून घ्या आरपार."

"कोणाची?"

त्यानं नाव सांगितलं. पोरगीला नोकरी लागली त्याच कंपनीचं.

मी तिथे गेलो. एन्झाइमवाला म्हणून गेलो असतो तर फाटकातूनच परत आलो असतो. कोंड्याचा व्यापारी म्हणून गेलो. ते खोटंही नव्हतं, कोंडा मी विकतो. त्यांच्या मॅनेजरशी नमुन्यावरून तासभर घासाघीस केली. मी चिकट बोललो, तोही चिकट होता. शेवटी तो वैतागून म्हणाला, "चला, कसा भरडा लागतो ते दाखवतोच तुम्हाला." मला पांढरा कोट घालायला दिला. बाह्या आखूड होत्या. त्यानं ट्रेच्या खोलीचं दार उघडलं.

सगळे ट्रे कॉफीच्या रंगाचे.

सौद्यात चेहरा पाडायचा नसतो, तेवढं शिक्षण मला आहे. मी ट्रेवर वाकलो, कोंडा चाचपल्यासारखं केलं आणि विचारलं, "ह्यात साल दिसते. संत्र्याची?"

"हो ना. नुसत्या कोंड्यावर येतच नाही ही बया. संत्र्याची साल लागतेच. आम्ही तुमच्या नागपूरहून मागवतो."

त्यांच्या भागात संत्र्याचं एक झाड नाही. ऊस आहे, उसाचं चिपाड आहे, फुकटात मिळतं. कोणता शहाणा नागपूरहून साल मागवेल? ज्याची बुरशी सालीवर वाढवून, सालीवर निवडून काढलेली आहे, तोच.

बाहेर आल्यावर पाहिलं तर माझ्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी भुकटी होती. मी शर्ट झटकला नाही. बसमध्ये हात उघड्या खिडकीपासून लांब धरून बसलो. घरी येऊन शर्ट काढला आणि पिशवीत बंद केला.

बायकोनं विचारलं, "मंग उगवा ना आता. आणली ना घरी?"

"नाही."

"काहून?"

"मी उगवली तर उद्या तेच म्हणतील, ह्यानं आमच्या कारखान्यातून चोरली. माझी वस्तू मीच चोरून आणू का वं?"

पिशवी तिनं कपाटात वरच्या फळीवर ठेवली, तिच्या चांगल्या साड्यांच्या बाजूला.

मग मी त्या पोरगीला भेटलो. सुटीत गावी जाताना ती नागपूरच्या बसस्टँडवर उतरली होती. मी आधी ओरडलोच. भर स्टँडवर. लोक बघायला लागले.

"तूच नेली ना ती? नोकरी कशी लागली तुले?"

तिचे डोळे भरले, पण तीही विदर्भातली. "काका, हळू बोला. मी काही नेलं नाही. मी तिथं रस तपासते, ट्रेच्या खोलीत मले जाऊ पण देत नाहीत. लाईट गेली त्या दिवशी तर मी गावी होते, मामेबहिणीच्या लग्नात. आणि फ्रिजचं मले सांगूच नका."

"काहून?"

"फ्रिजमध्ये रोजच्या कामाच्या नळ्या राहतात. जपून ठेवायचा वाण आम्ही कोरड्या वाळूत ठेवतो. बी वाळूत मिसळायचं, वाळवायचं, नळी बंद करायची. ती कपाटात राहते. तिले लाईट लागत नाही, काही लागत नाही. ब्राऊनची मी स्वतः भरली होती." ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिला तेव्हा कळलं असावं. "काका, माझं नाव कुठं घेऊ नका. माझ्या प्रबंधावर सरांची सही अजून लागते मले."

मी तिची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. मी सरळ कॉलेजात गेलो.

सर एकटेच होते. मी बसलो नाही.

"सर, वाळूतली नळी कुठे आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "कुठली वाळू?"

"कपाटातली. ब्राऊनची."

"अहो भाऊ, कोणी काय सांगितलं तुम्हाला?"

"मी त्या कंपनीत जाऊन आलो. ट्रे पाहिले."

मग त्यांनी पवित्रा बदलला. इतका सहज, की बाजारात असते तर मी दाद दिली असती. म्हणाले, काळ्या बुरशीवर दिवा मारला की तपकिरी वाण सगळ्यांनाच मिळतात, त्यात विशेष काही नाही. कंपनीनं स्वतः काढला असेल. रंगावरून बुरशी ओळखणं म्हणजे टोपीवरून माणूस ओळखणं.

"बरोबर," मी म्हणालो. "मग रंग सोडा. मूळ जंगली बुरशी माझ्याकडे आहे, त्याच संत्र्यावरची. त्यांची आणा. दोघींची डीएनए तपासणी करा, तुम्ही म्हणाल त्या प्रयोगशाळेत. माय-लेकी आहेत का नाही, ते निघेल."

"आणि निघालं तरी काय? तुमच्याकडे काही लेखी आहे?"

"आपला सौदा झाला होता."

"तो रुमाल?" सर खरोखर हसले. "ती गंमत होती हो. मला वाटलं तुम्ही मला बाजारातला खेळ दाखवताय. असं कुठं करार होतो का?"

"होतो. तुम्ही बोट दाबलं."

"बोट दाबलं म्हणजे…" त्यांनी हात हवेत उडवला. "भाऊ, विज्ञान कोणाच्या बापाचं नसतं. वाण समाजासाठी असतो. चहा घ्या."

विज्ञान कोणाच्या बापाचं नाही, मग ते त्या कंपनीच्या बापाचं कसं झालं, असं मी विचारलं. जरा मोठ्या आवाजात विचारलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. चहा मी घेतला नाही.

तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. कॉलेजात गेलो की मीटिंगमध्ये असतात. ओळखीचे लोक मला समजावतात, जाऊ द्या, दुसरी बुरशी शोधा, संत्री काय कमी सडतात? शोधेन. मी पुन्हा ढिगाच्या तळाशी हात घालायला लाजत नाही. काळ्या वाणावर शेड अजून चालते, पण रडतखडत. आणखी एक ज्यूसवाला डळमळतोय. तो गेला तर शेडला कुलूप लावावं लागेल, आणि ते सगळं माझ्याच बुरशीनं माझ्याविरुद्ध केलेलं असेल.

म्हणून हे लिहिलं. कोणाचं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. पण सर, तुम्ही वाचाल तेव्हा ओळखाल. मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. तुमच्या शोधनिबंधात माझं नावही नको. त्या कंपनीच्या ट्रेमधली बुरशी आणि माझ्याकडची मूळ बुरशी शेजारी शेजारी ठेवून तपासा. निकाल काय यायचा तो येऊ द्या, तो मी मान्य करीन. आणि त्या पोरगीची सही अडवू नका, तिनं माझ्यासाठी काहीच केलेलं नाही.

तपासायला तयार नसाल, तर एवढंच सांगा, चारचौघांत, माझ्याकडे बघून: मे महिन्यात मेलेली बुरशी त्या ट्रेमध्ये कोणी पेरली?